पहिल्या अपत्यानंतरचे वंध्यत्व : आंबी परिसरातील जोडप्यांसाठी मार्गदर्शन

संस्कृत वैद्यकग्रंथांनी वंध्यत्वाचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत ‘काकवंध्या’ असा एक प्रकार येतो. हारीतसंहितेत तो आढळतो आणि जुन्या मराठी कोशकारांनीही तो शब्द नोंदवला आहे. कावळी आयुष्यात एकदाच विते अशी लोकसमजूत होती (पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांना ती मान्य होणार नाही), आणि तिच्यावरून एक मूल झाल्यावर जिला पुन्हा दिवस राहत नाहीत अशा स्त्रीला हे नाव पडले. शब्द इतका जुना आहे, त्या अर्थी अनुभवही तितकाच जुना असला पाहिजे, आणि म्हणून ही अवस्था केवळ आजच्या धावपळीतून उपजली असे मानण्याचे कारण नाही. मात्र या शब्दाला पुल्लिंगी जोड नाही. मूल न होण्याचा सारा भार त्याने स्त्रीच्या देहावर टाकला, आणि तपासणी कोणाची आधी करायची या प्रश्नाचे घरोघरी जे उत्तर दिले जाते त्यात त्याची छाया अजून दिसते.

आधुनिक वैद्यकात या अवस्थेला दुय्यम वंध्यत्व म्हणतात. येथे ‘दुय्यम’ हे विशेषण केवळ क्रम दाखवते, कमी महत्त्व नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार कोणतेही गर्भनिरोधक साधन न वापरता बारा महिने किंवा त्याहून अधिक काळ नियमित शरीरसंबंध ठेवूनही गर्भधारणा न होणे म्हणजे वंध्यत्व. पूर्वी एकदाही गर्भ राहिलेला नसेल तर ते प्राथमिक आणि एकदा तरी राहिलेला असेल, मग ती गर्भधारणा बाळंतपणापर्यंत गेलेली असो वा नसो, तर ते दुय्यम. याच संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे सहांतील एकाला, आयुष्यात केव्हातरी वंध्यत्वाचा सामना करावा लागतो, आणि या आकड्यात दोन्ही प्रकार धरलेले आहेत. दुय्यम प्रकारात उपचाराला उशीर होण्याचे मुख्य कारण वैद्यकीय नसून तर्काचे असते: पहिले मूल म्हणजे आपल्या दोघांच्या प्रजननक्षमतेचा कायमचा दाखला, असे जोडपे आणि त्याचे नातेवाईक धरून चालतात. वस्तुतः तो दाखला केवळ त्या वर्षापुरता, त्या वयापुरता आणि त्या वेळच्या प्रकृतीपुरता असतो.

इंद्रायणीकाठच्या आंबीसारख्या गावात या तर्काला काही स्थानिक कारणेही येऊन मिळतात. भातशेतीचे हे गाव तळेगावच्या औद्योगिक वसाहतीला लागून असल्याने येथील अनेक घरांत नोकरी पाळ्यांची असते, आणि भाड्याने राहणाऱ्या जोडप्यांची थोरली माणसे बहुधा दूरच्या जिल्ह्यांत असतात. पती आठवडाभर नाईटला आणि पत्नी मुलाच्या शाळेच्या वेळापत्रकात अडकलेली, अशा घरात ‘वर्षभर प्रयत्न केले’ या वाक्याचा नेमका अर्थ काय, हे डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी जोडप्याने स्वतःशीच तपासून पाहणे आवश्यक ठरते. स्त्रीबीज अंडाशयातून बाहेर पडते, ज्याला बोलीत ‘अंडे फुटणे’ म्हणतात, तो दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस असे मिळून सहा दिवसच गर्भधारणेला अनुकूल असतात. कारण शुक्रजंतू गर्भमार्गात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात, तर स्त्रीबीज एक दिवसही मुश्किलीने टिकते. पाळीचे चक्र लहानमोठे असले तरी बीज फुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेक स्त्रियांत चौदा दिवसांच्या आसपास असतो. त्यामुळे २८ दिवसांच्या चक्रात बीज चौदाव्या दिवसाच्या सुमारास फुटत असले, तरी ३५ दिवसांच्या चक्रात तोच दिवस एकविसाव्या दिवसाच्या जवळ जातो, आणि ‘पाळी संपल्यावर लगेचचे दिवस चांगले’ हा ऐकीव सल्ला अशा स्त्रीच्या बाबतीत सपशेल चुकतो. एका दिवसाचा नेम धरण्यापेक्षा अनुकूल आठवड्यात एक दिवसाआड संबंध ठेवणे अधिक फलदायी असते, आणि तो आठवडा सलग दोनतीन महिने रात्रपाळीत जात असेल तर कामाची पाळी बदलून मागणे हा उपायाचाच भाग समजावा.

वाट किती काळ पाहावी याचे उत्तर स्त्रीच्या वयावर अवलंबून आहे. वय पस्तिशीच्या आत असेल तर एक वर्ष आणि पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिने ही मर्यादा सर्वमान्य आहे. चाळिशी आली असेल, पाळी अनियमित असेल, पूर्वी ओटीपोटाचा जंतुसंसर्ग किंवा क्षयरोग झालेला असेल, अथवा पतीच्या वृषणांची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर मुळीच थांबू नये. स्त्रीबीजांचा साठा जन्मापूर्वीच तयार होतो व पुढे तो केवळ घटत जातो. तिशीच्या सुमारास निरोगी स्त्रीला एका महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता साधारण २० टक्के असते, ती चाळिशीत ५ टक्क्यांच्या घरात येते आणि त्याच वेळी गर्भपाताचे प्रमाण वाढते. पहिले मूल पंचविशीत सहज झाले आणि दुसऱ्याचा विचार घर, कर्ज व मुलाची शाळा मार्गी लागल्यावर छत्तिसाव्या वर्षी सुरू झाला, तर या दोन प्रयत्नांत सारखेपणा फारसा उरत नाही. दुसरीकडे, अतिघाईही बरी नव्हे: बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेपूर्वी किमान दोन वर्षे जाऊ द्यावीत असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते, आणि सिझेरियन झालेल्या स्त्रीच्या बाबतीत टाक्यांच्या बळकटीसाठी हे अंतर विशेष महत्त्वाचे असते.

काही वेळा जे वंध्यत्व वाटते ते वंध्यत्व नसतेच. अंगावर पाजणाऱ्या आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलेले असते आणि त्यामुळे बीज फुटणे लांबते. शासकीय आरोग्य केंद्रांतून ‘अंतरा’ नावाने दिले जाणारे तीन महिन्यांचे गर्भनिरोधक इंजेक्शन थांबवल्यावर गर्भधारणा परत सुरू होण्यास शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागू शकतात. हा विलंब अपेक्षित आहे आणि त्यातून कायमचे नुकसान होत नाही. तांबीचे, म्हणजे कॉपर-टीचे, तसे नाही. ती काढताच क्षमता लवकर परतते. परंतु शासकीय रुग्णालयांत बाळंतपणानंतर लगेच तांबी बसवण्याची पद्धत आहे, आणि प्रसूतीच्या गडबडीत दिलेली संमती विसरून गेलेली किंवा तांबी आपोआप पडून गेली असे समजणारी स्त्री पुढे वर्षानुवर्षे गर्भाची वाट पाहत राहू शकते. जुने डिस्चार्ज कार्ड व माता-बाल संरक्षण कार्ड काढून त्यावरील नोंद वाचावी आणि शंका राहिल्यास सोनोग्राफी करावी; इतक्या अल्प खर्चात सुटणारा प्रश्न या विषयात दुसरा नाही.

खरी गुंतागुंत बहुधा पहिल्या बाळंतपणाच्या किंवा मधल्या काळातील गर्भपाताच्या मागे उरलेल्या खुणांत असते, आणि म्हणून तो इतिहास डॉक्टरांना तपशिलाने सांगितला पाहिजे. बाळंतपणानंतर आठवडाभरात थंडी वाजून ताप आला होता काय, अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव जात होता काय, या प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल तर गर्भाशयातून वर चढलेल्या जंतुसंसर्गाने गर्भनलिका चिकटल्या असण्याची शक्यता विचारात घ्यावी लागते. गर्भनलिका म्हणजे अंडाशयापासून गर्भाशयापर्यंत जाणारा बारीक मार्ग. शुक्रजंतू आणि स्त्रीबीज यांचे मीलन तेथेच होते, त्यामुळे तो बंद झाला की पाळी घड्याळासारखी नियमित येऊनही गर्भ राहत नाही. अपुरा गर्भपात झाल्यावर ‘पिशवी साफ करणे’ या नावाने ओळखले जाणारे क्युरेटिंग आवश्यक असते, पण ते फार खोलवर किंवा वारंवार झाले तर गर्भाशयाचे अस्तर खरवडले जाऊन त्याच्या भिंती एकमेकींना चिकटतात. या अवस्थेस अ‍ॅशरमन सिंड्रोम म्हणतात व तिची ठळक खूण म्हणजे क्युरेटिंगनंतर पाळीचा स्राव पूर्वीच्या मानाने अगदी कमी होणे किंवा थांबणे. पुष्कळ स्त्रियांना हा बदल सोयीचा वाटतो आणि त्या तो सांगत नाहीत. तो आवर्जून सांगावा.

सिझेरियनच्या टाक्याच्या जागी गर्भाशयाच्या भिंतीत कधी कधी लहान खळगा राहतो, त्यात पाळीचे रक्त साठते आणि पाळी संपल्यावरही चारपाच दिवस तपकिरी डाग पडत राहतात. असे रक्त गर्भ रुजण्यात अडथळा आणू शकते. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत तो खळगा दिसतो. याहून दुर्मीळ परंतु भारतात अजून आढळणारा प्रकार म्हणजे शीहान सिंड्रोम: बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटतो, अशा बाईला दूध येत नाही, पाळी परतत नाही, थकवा येतो, थंडी सोसवत नाही, आणि घरचे लोक ते ‘बाळंतपण अंगी लागले नाही’ म्हणून सोडून देतात. यावर संप्रेरकांचे उपचार आहेत. पण येथे प्रश्न केवळ दुसऱ्या मुलाचा नसून त्या स्त्रीच्या जिवाचाही असतो. क्षयरोगाचा विचार तर आपल्याकडे प्रत्येक वेळी करावा लागतो, कारण जननेंद्रियांचा क्षय खोकल्याशिवाय, बहुधा कोणत्याही मोठ्या तक्रारीशिवाय, गर्भनलिका निकामी करतो. त्याची औषधे शासकीय यंत्रणेत मोफत मिळतात, मात्र आधीच झालेली हानी औषधांनी भरून येईलच असे नाही. थायरॉईडचा विकार, बाळंतपणानंतर वाढून राहिलेले वजन, त्यातून बळावलेला पीसीओएस, म्हणजे बीज वेळेवर न फुटण्याचा संप्रेरकविकार, आणि गर्भाशयातील गाठी ही कारणे अधिक परिचित असल्याने त्यांचा शोध डॉक्टर सहसा आपणहून घेतात.

ज्याचा शोध घेतला जात नाही तो पती. ‘एक मूल झाले आहे, मग माझे काय तपासायचे’ हा युक्तिवाद वर सांगितलेल्या खोट्या दाखल्याचाच प्रकार आहे, आणि त्यावरचे बोलके उदाहरण कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप या गावचे आहे. तेथील कीटकनाशकांच्या कारखान्यात जमिनीतील सूत्रकृमी मारणारे डीबीसीपी हे रसायन हाताळणाऱ्या कामगारांना आपसांतील बोलण्यातून लक्षात आले की, गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी कोणाच्या घरी पाळणा हललेला नाही. १९७७ मध्ये त्यांची वीर्यतपासणी झाली तेव्हा अनेकांत शुक्रजंतू अत्यल्प किंवा शून्य निघाले, आणि त्यांतील कित्येक जण त्या कामाला लागण्यापूर्वी बाप झालेले होते. तळेगावच्या पुष्पोद्यानातील हरितगृहांत डीबीसीपी वापरले जाते असा याचा अर्थ मुळीच नाही. परंतु बंदिस्त पॉलिहाऊसमध्ये फवारणी करणाऱ्या पुरुषाने व स्त्रीनेही औषधाच्या बाटलीवरील सूचना वाचणे, मुखपट्टी व हातमोजे वापरणे, फवारल्यानंतर ठरलेल्या वेळेपूर्वी आत न शिरणे आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत न धुणे याला लॅथ्रॉपच्या अनुभवाने आधार मिळतो. भट्टी, फोर्जिंग वा वेल्डिंगजवळ आठ तास उभे राहणाऱ्यांचा प्रश्न उष्णतेचा असतो, कारण वृषणांना शरीराच्या तापमानापेक्षा दोनतीन अंशांनी कमी तापमान लागते व म्हणूनच निसर्गाने त्यांना शरीराबाहेर ठेवले आहे.

याखेरीज तंबाखू, गुटखा, मद्य, मधुमेह आणि वाढते पोट ही नेहमीची कारणे आहेत. वृषणाभोवतीच्या शिरा फुगणे, ज्यास व्हॅरिकोसील म्हणतात, हे वयानुसार वाढत जाऊन पहिल्या अपत्यानंतर त्रासदायक ठरू शकते. जिममध्ये ‘बॉडी’ कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची किंवा स्टेरॉइडची इंजेक्शने हे तरुण बापांतील नवे आणि लपवले जाणारे कारण आहे: बाहेरून संप्रेरक मिळू लागताच मेंदू वृषणांना आदेश देणे थांबवतो आणि शुक्रजंतूंची निर्मिती बंद पडते. पौरुष वाढवण्यासाठी घेतलेल्या औषधाने पितृत्वच थांबावे, यातील विसंगती मित्रांच्या सल्ल्याने इंजेक्शन घेणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही. थांबवल्यानंतर काही महिन्यांत निर्मिती बहुधा परतते.

म्हणून तपासणीचा क्रम उलटा करणे, म्हणजे पहिल्याच आठवड्यात वीर्यतपासणी करून घेणे, हे सर्वांत शहाणपणाचे. ती वेदनारहित आणि स्त्रीच्या कोणत्याही तपासणीच्या मानाने स्वस्त आहे. नमुना देण्यापूर्वी दोन ते सात दिवस वीर्यपात झालेला नसावा आणि नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीतील किमान संदर्भमूल्ये दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू आणि ४२ टक्के हालचाल अशी आहेत. त्यांहून कमी आकडा आला म्हणजे बाप होणे अशक्य असे नव्हे, तर पुन्हा तपासणी व पुढचा शोध आवश्यक असा त्याचा अर्थ होतो. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्याने डेंग्यूसारख्या तापानंतर लगेच आलेला वाईट अहवाल अंतिम समजू नये, आणि तंबाखू सोडल्याचा परिणामही तीन महिन्यांपूर्वी पाहू नये.

स्त्रीच्या बाबतीत थायरॉईड व प्रोलॅक्टिन यांच्या रक्ततपासण्या, साखर, सोनोग्राफी, बीज फुटते की नाही याचा पाठपुरावा आणि, गरज वाटल्यास, बीजसाठ्याचा अंदाज देणारी एएमएच ही तपासणी असा साधारण क्रम असतो. त्यानंतर ‘नळ्यांचा फोटो’, म्हणजे गर्भाशयात रंगद्रव्य सोडून काढलेला क्ष-किरण फोटो, पाळीच्या सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान काढला जातो. आंबीहून पहिल्या टप्प्यासाठी गावातील आशाताई व उपकेंद्राच्या सिस्टर, कान्हे फाट्याचे शासकीय रुग्णालय आणि तळेगाव दाभाडे येथील मायमर वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. भाऊसाहेब सरदेसाई रुग्णालय जवळ पडते. पुढच्या टप्प्यासाठी पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय व पुण्याचे ससून लोकलच्या मार्गावर आहेत. रुग्णालय बदलताना सर्व कागद एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून न्यावेत, अन्यथा त्याच तपासण्यांचा खर्च पुन्हा होतो.

उपचार कारणावर ठरतात आणि त्यांची यादी येथे देण्याचे प्रयोजन नाही. बीज फुटण्यासाठी लेट्रोझोलसारख्या गोळ्या, शुद्ध केलेले वीर्य गर्भाशयात सोडण्याची आययूआय पद्धत, दुर्बिणीतून चिकटलेले भाग मोकळे करणे आणि शेवटी आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी, अशा या पायऱ्या आहेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी असे बाळ जन्मले तेव्हा जे नवल वाटले होते, ते तंत्र आज तालुक्याच्या फलकांवर जाहिरातीसारखे दिसते. म्हणूनच २०२१ च्या साहाय्यित जननतंत्र कायद्याखाली केंद्राची नोंदणी आहे काय हे पाहावे, आणि यशाची टक्केवारी विचारताना ‘पत्नीच्या वयाच्या स्त्रियांत, हातात आलेल्या जिवंत बाळांची’ असा प्रश्न करावा. या कायद्यानुसार स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. सरोगसीचा मार्ग मात्र दुय्यम वंध्यत्व असलेल्या जोडप्यास बहुतांशी बंद आहे, कारण त्याच वर्षीच्या सरोगसी कायद्याने हयात अपत्य नसलेल्या जोडप्यांनाच तो खुला ठेवला आहे; पहिले मूल गंभीर व्याधीने किंवा अपंगत्वाने ग्रस्त असेल तरच अपवाद होतो. आयव्हीएफमधून जुळे झाले तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येईल काय, अशी शंका गावपातळीवर निघू शकते. पहिल्या अपत्यानंतर एकाच बाळंतपणात झालेली मुले दोन अपत्यांच्या नियमासाठी एकच धरली जातात, एवढे सांगणे पुरेसे आहे.

पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसऱ्या बाळाची ओढ अनेकदा मुलाची ओढ असते, आणि तेथे ‘हमखास मुलगा’ देणारी पुडी विकणारे हजर होतात. गर्भधारणेपूर्वी वा नंतर लिंगनिवड करणे १९९४ च्या कायद्याने, २००३ च्या दुरुस्तीसह, गुन्हा आहे; शिवाय उत्तर भारतातील अभ्यासांत अशा औषधांचा संबंध बाळांतील जन्मजात व्यंगांशी आढळला आहे. कार्ल्याच्या एकवीरेला नवस बोलण्यास कोणाचीच हरकत नसावी, केवळ तपासणीची तारीख यात्रेनंतर ढकलू नये. प्रयत्न सुरू करतानाच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड सुरू करणे हे या सर्व पुड्यांपेक्षा बाळाच्या अधिक उपयोगाचे आहे.

या अवस्थेतील दुःखाला समाजात जागा नसते. मूल नसलेल्या स्त्रीची निदान कीव केली जाते, पण जिच्या कडेवर एक मूल आहे तिला हळदीकुंकवाला ‘दुसरे कधी’ असे विचारले जाते आणि तिने डोळे पुसले तर ‘एक आहे ना’ असे ऐकवले जाते. दोन्ही वाक्ये एकाच तोंडून येतात. सासूबाईंना, नणंदेला किंवा मैत्रिणीला पतीने स्वतः ‘उपचार चालू आहेत, विचारू नका’ असे सांगितले तर पत्नीचा निम्मा भार उतरतो. घरातल्या पहिल्या मुलाला आईच्या इंजेक्शनांचे कारण त्याच्या वयाला झेपेल तेवढेच सांगावे, मात्र भावंड न येण्याशी त्याचा काही संबंध नाही हे स्पष्ट करावे, कारण लहान मुले अशा गोष्टींचा दोष गुपचूप स्वतःकडे घेतात. उपचार किती फेऱ्यांपर्यंत आणि किती रकमेपर्यंत चालवायचे हे पहिल्या फेरीपूर्वीच दोघांनी लिहून ठेवावे. दागिने गहाण पडल्यावर ते ठरवता येत नाही.

दत्तकाचा विचार करणाऱ्यांना एक मूल असणे आड येत नाही. २०२२ च्या दत्तक नियमावलीप्रमाणे दोन किंवा अधिक मुले असलेल्या जोडप्यांनाच केवळ विशेष गरजा असलेली किंवा ज्यांना कुटुंब मिळणे कठीण जाते अशी मुले दत्तक घेता येतात. एक मूल असलेल्या जोडप्यावर ते बंधन नाही. दोन वर्षांखालील बाळासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा अधिक नसावी लागते, विवाह किमान दोन वर्षांचा असावा लागतो, आणि नोंदणी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरच होते. प्रतीक्षा मोठी असते व वयांची बेरीज दरवर्षी दोनाने वाढत जाते, त्यामुळे हा मार्ग मनात असेल तर उपचार संपण्याची वाट न पाहता त्याची चौकशी आधीच करून ठेवावी.